घोरण्यास हंसण्यापूर्वीं

घोरणाऱ्या माणसास हंसण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना आहे. लग्नघरीं पाहुण्यांच्या गाद्या एका ओळीनें घातल्या कीं कोणाच्या शेजारीं निजावयाचें नाहीं हें मुलें आधींच ठरवून ठेवतात, एस्. टी.च्या रात्रींच्या गाडींत एखादे गृहस्थ सूर धरूं लागले कीं मागच्या बांकावर खसखस पिकते. आणि होडीवर नाखवा घोरूं लागला म्हणजे खलाशी एकमेकांस सांगतात कीं, आतां निराळें इंजिन सुरू करण्याचें कारण नाहीं. कुंभकर्णाची उपमा तर ठेवलेलीच. या थट्टेंत द्वेष नसतो हें आम्ही जाणतों. तिच्या मुळाशीं एक समजूत असते. ती अशी कीं, जो मोठ्यानें घोरतो तो गाढ झोंपतो, आणि जो गाढ झोंपतो तो निश्चिंत व निरोगी असतो. ही समजूत आमच्या मतें चुकीची तर आहेच, पण घातकहि आहे; आणि या वार्षिकाचे वाचक विद्यार्थी व त्यांचे पालक असे दोन्ही असल्यामुळें, एकाच घरांतील दोन पिढ्यांशीं या विषयावर एकदम बोलण्याची संधि आम्ही घेत आहों.

घोरणारे सगळेच रोगी असतात असें मुळींच नाहीं. सर्दी झाली, दिवसभर अंगमेहनत झाली, उताणें निजलें, तर कोणीहि घोरतो. परंतु कांहींच्या घोरण्यांत मधूनमधून एक खंड पडतो. आवाज चढत चढत जातो आणि एकाएकीं तुटतो. छाती व पोट हालत असतात, पण नाकातोंडांतून वारा आंत येत नाहीं कीं बाहेर जात नाहीं. ऐकणाऱ्यास वाटतें, बरें झालें, थांबले एकदांचे! दहा, वीस, कधीं कधीं चाळीस सेकंद ही शांतता टिकते; मग एक हिसका, गुदमरल्यासारखा घोगरा आवाज, कूस पालटणें, आणि पुन्हां पहिल्यापासून तेंच. या विकारास वैद्यकांत स्लीप अ‍ॅप्निया असें नांव आहे. अ‍ॅप्निया या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ श्वास नसणें. आपण त्यास मराठींत निद्रेंतील श्वासरोध म्हणूं.

तो कसा होतो हें समजण्यास अवघड नाहीं. जागेपणीं गळ्याच्या मागील भागाचे स्नायु श्वासाची वाट ताणून उघडी धरितात. झोंपेंत ते सैल पडतात. जिभेचें मूळ व मऊ टाळू मागें सरकतात. ज्यांची ही वाट मुळांतच अरुंद असते, मग ती मानेभोंवतीं चरबी सांचल्यामुळें असो, जबडा लहान असल्यामुळें असो, किंवा गळ्यांतील गांठी फुगल्यामुळें असो, त्यांची ती पार मिटून जाते. ओल्या कागदाची नळी करून तींतून जोरानें वारा ओढून पाहावा. तिच्या बाजू एकमेकींस चिकटतात, आणि जितकें अधिक जोरानें ओढावें तितक्या अधिक चिकटतात. इकडे रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो, मेंदूस धोक्याची सूचना मिळते, तो निजलेल्यास क्षणभर अर्धवट जागें करितो, स्नायु पुन्हां ताणले जातात आणि वाट उघडते. हें जागें होणें इतकें अल्प असतें कीं सकाळीं त्याची आठवणहि राहात नाहीं. श्वास निदान दहा सेकंद बंद पडला किंवा फारच मंदावला, तर ती एक खेप मोजतात. तासांत पांच ते पंधरा खेपा झाल्यास विकार सौम्य, पंधरा ते तीस झाल्यास मध्यम, आणि तिसांच्या वर गेल्यास तीव्र समजतात. तिसांचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतःच करावा: दर दोन मिनिटांस एकदां, आणि सात तासांच्या रात्रींत दोनशें दहा वेळां. आमच्या वरसोलीच्या व थेरोंड्याच्या मुलांस दम कोंडून पाण्यांत बुडी मारण्याची मोठी हौस असते. रात्रभर दोनशें दहा बुड्या मारून सकाळीं शाळेंत ताजेतवाने होऊन येऊं, असें त्यांपैकीं कोणी म्हणेल काय?

आतां या विकाराची जी गोष्ट आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते ती सांगतों. पोट दुखलें तर तें ज्याचें त्यास आधीं कळतें. ताप आला तर अंगच सांगतें. श्वासरोध मात्र रोग्यास सर्वांच्या मागून कळतो, आणि पुष्कळदां कळतच नाहीं. त्यास एवढेंच ठाऊक असतें कीं आपण दहाला निजलों, सहाला उठलों, आणि तरीहि अंग मोडून आल्यासारखें वाटतें, तोंड कोरडें पडलें आहे, डोकें जड आहे. ‘मी कोठें घोरतों?’ असें जेव्हां घरांतील वडील माणूस रागानें विचारतें तेव्हां तें खोटें बोलत नसतें. त्याच्या रोगाचा साक्षीदार तो स्वतः नसून त्याच्या शेजारीं जागें असलेलें माणूस हाच होय.

अलिबाग शहरांत जी चुंबकीय वेधशाळा आहे ती येथें कां आली, हें आमच्या विद्यार्थ्यांस माहीत असेलच. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार, त्यांच्यामुळें कुलाब्याच्या वेधशाळेंतील नाजूक उपकरणें बिघडणार, म्हणून तें काम अलिबागेस आणण्यांत आलें, आणि १९०४ सालापासून तें येथें चालू आहे. सारें गांव निजलेलें असतां तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वांतील बारीकसारीक चढउतार नोंदले जातात. निजलेल्या माणसाची अशी नोंद ठेवणारी वेधशाळा म्हणजे त्याचें घर. आणि आपण काय करितों? घोरणाऱ्या वडिलांचें अंथरूण उचलून पडवींत नेऊन घालतों! सर्वांस झोंप लागावी हा हेतु वाईट नाहीं. उजाडल्याबरोबर ज्यांस कामाला जावयाचें त्यांनीं रात्रभर तळमळत राहावें असें आमचें म्हणणें नाहीं. पण या एका सोईनें रोग्याचा एकमेव साक्षीदार त्याच्यापासून दूर होतो. पडवींतील माणसाचा श्वास कितीदां अडकला हें मग कोणासच कळत नाहीं, आणि तो विकार दहा दहा वर्षें तसाच चालतो.

दहा वर्षें चालला तर बिघडलें काय, असें कोणी विचारील. आमचा सर्व कटाक्ष या प्रश्नावर आहे. कारण घोरण्याचा त्रास फक्त ऐकणाऱ्यास होतो ही समजूत येथेंच खोटी ठरते. श्वास अडकला कीं शरीर तें संकट समजतें. वाघ पाहून पळतांना जीं द्रव्यें रक्तांत उसळतात तींच निजलेल्या माणसाच्या रक्तांत दर दोन मिनिटांस उसळतात. नाडी उडते, रक्तदाब चढतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्रीं उतरतो, आणि हृदयास जी काय विश्रांति मिळावयाची ती त्या वेळींच मिळते. श्वासरोध्यास ती मिळत नाहीं, आणि पुढें पुढें चढलेला दाब दिवसांहि उतरेनासा होतो. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत शेंकडों नोकरदार स्त्रीपुरुषांवर वर्षानुवर्षें नजर ठेवून जें संशोधन झालें, त्याचा इ. स. २००० मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, तासाला पंधरा किंवा अधिक खेपा असणाऱ्यांमध्यें, ज्यांस एकहि खेप होत नाहीं अशांच्या मानानें, चार वर्षांनीं रक्तदाबाचा विकार आढळण्याचा संभव सुमारें तिप्पट होता. दोन दोन, तीन तीन गोळ्या घेऊनहि दाब आटोक्यांत येत नाहीं अशीं माणसें आपल्या ओळखींत असतात. त्यांच्या झोंपेची चौकशी कोणी केली आहे काय, हें पाहिलें पाहिजे.

रक्तदाबापाठोपाठ दुसरे विकार येतात. बंद वाटेविरुद्ध श्वास ओढतांना छातींत जो ताण पडतो त्यानें हृदयाचे कप्पे ताणले जातात, आणि ठोक्यांची लय बिघडण्याचा संभव वाढतो. अशा बेताल हृदयांत रक्ताची गुठळी होऊं शकते व ती मेंदूंत गेली तर अर्धांगवायु होतो. मधुमेहाशींहि या विकाराचा संबंध आढळला आहे. तुटक झोंप आणि वारंवार उतरणारा प्राणवायु यांच्यामुळें इन्सुलिनचें काम नीट चालत नाहीं. रात्रीं तीन तीन, चार चार वेळां लघवीस उठावें लागणें हें आपण सरसकट म्हातारपणाच्या माथीं मारितों. पण ताणलेलें हृदय पाणी बाहेर टाकण्याचा इषारा देतें, म्हणूनहि असें होतें. विसराळूपणा, उगाच चिडणें, मन खिन्न राहणें हीं तर इतकीं साधीं दिसतात कीं त्यांचें मूळ रात्रींत शोधावें हें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. घरांत वडिलांचा स्वभाव अलीकडे तापट झाला आहे असें म्हणतात. स्वभाव तोच असतो, झोंप गेलेली असते.

‘झोंपेंतच गेले, पुण्यवान होते,’ असें आपण एखाद्याच्या मरणाविषयीं समाधान मानून म्हणतों. अशीं सर्व मरणें या विकारानें होतात असें आम्ही म्हणत नाहीं, व तसें म्हणणें अन्यायाचें होईल. तथापि अमेरिकेंतील मेयो क्लिनिक येथील डॉक्टरांनीं २००५ सालीं एक गोष्ट दाखवून दिली, ती विचार करण्यासारखी आहे. हृदय बंद पडून अकस्मात् येणारें मरण सामान्यतः सकाळच्या प्रहरीं अधिक येतें. परंतु ज्यांस श्वासरोध होता त्यांच्यांत शेंकडा ४६ मरणें मध्यरात्र ते सकाळीं सहा या वेळांत झालीं होतीं. ज्यांस तो नव्हता त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा २१ होतें. ज्या प्रहरीं हृदयास सर्वांत अधिक विसांवा मिळावयाचा तोच प्रहर या लोकांस सर्वांत अधिक वाईट. प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी हे १५ फेब्रुवारी २०२२ रोजीं रात्रीं मुंबईंत जुहू येथील एका रुग्णालयांत ६९ व्या वर्षीं वारले, तेव्हां त्यांच्या डॉक्टरांनीं मरणाचें कारण म्हणून याच विकाराचें नांव सांगितलें. त्या आठवड्यांत हा शब्द आपल्याकडील पुष्कळ घरांत प्रथमच ऐकूं आला; आणि दुसऱ्या आठवड्यांत विसरलाहि गेला.

हा श्रीमंतांचा किंवा पाश्चात्यांचा रोग आहे, आपल्या भातमासळीवर वाढलेल्या किनाऱ्यास त्याची भीति नाहीं, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं आपल्या समोरच्या मुंबईकडे पाहावें. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं नेहमींच्या प्रकृति-तपासणीसाठीं आलेल्या, वरकरणी धडधाकट अशा ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची निद्रा तपासली, आणि २००४ सालीं जे आंकडे प्रसिद्ध केले त्यांवरून शेंकडा १९.५ जणांच्या श्वासांत झोंपेंत बिघाड होतो, आणि त्याबरोबर दिवसां झोंप येण्याचें लक्षणहि असणारे शेंकडा ७.५ आहेत, असा अंदाज निघाला. म्हणजे तेरा-चौदा पुरुषांमागें एक. हे पुरुष आपण रोगी आहों म्हणून आलेले नव्हते, हें ध्यानांत घ्यावें. जगाचा विचार केला तर ३० ते ६९ वर्षांच्या सुमारें ९३ कोटी ६० लक्ष लोकांस हा विकार कमीअधिक प्रमाणांत असावा, असा अंदाज २०१९ सालीं प्रसिद्ध झाला आहे. आणि तो केवळ लठ्ठांसच होतो असेंहि नाहीं. आशियांतील पुष्कळ लोकांच्या चेहऱ्याची व जबड्याची ठेवणच अशी असते कीं थोड्याशा वजनवाढीनेंहि वाट बंद होते. स्त्रियांविषयीं तर दुहेरी अन्याय होतो. पाळी गेल्यावर त्यांच्यांत याचें प्रमाण वाढतें, पण त्या पुरुषांइतक्या गडगडाटानें घोरत नाहींत. थकवा, डोकेदुखी, झोंप न लागणें अशा तक्रारी करितात, आणि घरचीं माणसें ‘कामाचा शीण’ म्हणून सोडून देतात. शिवाय ‘बायका घोरत नाहींत’ अशी एक सभ्य समजूत आहेच!

घराबाहेरची एक बाजू आहे, ती या जिल्ह्यांत विशेष महत्त्वाची आहे. वडील मंडळींच्या तोंडीं अजून कुलाबाच असलेल्या, पण १९८१ पासून रायगड म्हणविणाऱ्या या जिल्ह्यांतून मुंबई-गोवा महामार्ग जातो. आणि १९८९ सालीं उरण तालुक्यांत न्हावा-शेवाचें बंदर सुरू झाल्यापासून अवजड कंटेनर-गाड्यांची रांग रात्रंदिवस चालू असते. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील व काका याच धंद्यांत आहेत. दिवसभर बसून काम, अवेळीं धाब्यावर जेवण, वाढतें पोट, तुटक झोंप: या विकारास याहून सोईस्कर व्यवसाय शोधून सांपडणार नाहीं. १ डिसेंबर २०१३ रोजीं सकाळीं न्यूयॉर्क शहरांत एक उतारूंची आगगाडी ताशी ३० मैल मर्यादेच्या वळणावर ताशी ८२ मैल वेगानें शिरली आणि रुळांवरून उतरली. चार माणसें मेलीं. चालकानें मद्य घेतलें नव्हतें. त्याचा डोळा लागला होता. मागून तपासणी केली तेव्हां त्यास तीव्र श्वासरोध असल्याचें निघालें, आणि त्याच सुमारास त्याची पाळीहि दुपारची बदलून पहांटेची झाली होती. २०१६ सालच्या सप्टेंबरांत जवळच्याच होबोकन स्थानकांत तसाच दुसरा अपघात झाला. त्या चालकासहि हाच विकार होता व तोहि कोणी ओळखला नव्हता. आपल्याकडे चालकाचे डोळे तपासतात, तें योग्यच आहे. पण मिटलेल्या डोळ्यांची दृष्टि कितीहि तीक्ष्ण असली तरी तिचा काय उपयोग? जड गाड्या, एस्. टी. आणि शाळांच्या बसगाड्या चालविणाऱ्यांच्या झोंपेची चौकशी नियमानें व्हावी, आणि ज्यास विकार आढळेल त्यास नोकरीवरून न काढतां त्याच्यावर उपचार व्हावेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे; पोट जाईल या भीतीनें चालक आपला रोग लपवूं लागला तर नियम असून नसल्यासारखाच.

येथवर वडिलांविषयीं झालें. आतां मुलांविषयीं.

प्रेषितांच्या कृत्यांत त्रोवस येथील एक प्रसंग आहे. पौल मध्यरात्रपर्यंत बोलत राहिला. खिडकींत बसलेला युतुख नांवाचा तरुण झोंपेनें गुंगून तिसऱ्या मजल्यावरून खालीं पडला. वर्गांत पेंगणाऱ्या मुलास त्या तरुणाच्या नांवानें चिडविलेलें आम्हीं ऐकलें आहे. चिडविणारे त्या गोष्टीचा पुढचा भाग विसरतात. पौल त्याला रागें भरला नाहीं. तो खालीं गेला आणि त्यानें त्यास कवटाळलें.

वर्गांत झोंपणारें मूल आळशी असतें, अशी शिक्षकाची पहिली समजूत होते. तें रात्रीं जागलें असेल, मोबाईल पाहात बसलें असेल, हेंहि पुष्कळदां खरें असतें, व त्याचा उपाय पालकांच्या हातीं आहे. पण कांहीं मुलें नऊला निजूनहि थकलेलीं येतात. मुलांत या विकाराचें मुख्य कारण म्हणजे टॉन्सिल आणि नाकामागील अ‍ॅडिनॉइड या गांठी फुगणें. असें मूल तोंड उघडें टाकून निजतें, मान मागें टाकतें, घामानें भिजतें, अंथरुणभर लोळतें, मोठें झालें तरी कधीं कधीं अंथरूण ओलें करितें. आणि चमत्कार असा कीं, मोठ्या माणसाप्रमाणें तें दिवसां पेंगेलच असें नाहीं. उलट तें चळवळें, हट्टी, कोठेंहि लक्ष न लागणारें होतें. पेंगणाऱ्यास आळशी आणि चळवळ्यास उनाड ठरविलें कीं आपलें काम संपलें! अमेरिकेंत १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत पहिल्या इयत्तेंतील, अभ्यासांत अगदीं मागें राहिलेल्या २९७ मुलांची झोंप तपासली. त्यांपैकीं ५४ मुलांच्या श्वासांत रात्रीं बिघाड आढळला. त्यांतील २४ मुलांच्या गांठी पालकांच्या संमतीनें काढण्यांत आल्या, आणि त्यांची पुढील वर्षाची प्रगति सुधारली. ज्यांनीं उपचार घेतले नाहींत त्यांची जशीच्या तशी राहिली. यावरून प्रत्येक नापास मुलाचा गळा कापून घ्यावा असें मात्र कोणी समजूं नये. २०१३ सालीं पांच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर अधिक काटेकोर प्रयोग झाला. त्यांत शस्त्रक्रियेनें मुलांची वागणूक, झोंप व एकंदर सुख सुधारलें, पण लक्ष देण्याच्या परीक्षांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं, आणि शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकींहि जवळजवळ निम्म्यांची झोंप सात महिन्यांत आपोआप ठीक झाली. म्हणून कानानाकाच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, घाई करूं नये. आमचें म्हणणें याहून साधें आहे. शिक्षकानें मुलास बांकावर उभें करण्यापूर्वीं त्याच्या आईस एक प्रश्न विचारावा: हा रात्रीं घोरतो काय?

उपायांविषयीं थोडक्यांत लिहितों. तो डॉक्टरांचा अधिकार आहे. इ. स. १९८१ पर्यंत तीव्र विकारावर श्वासनलिकेस भोंक पाडण्याखेरीज खात्रीचा इलाज नव्हता. त्या वर्षीं ऑस्ट्रेलियांत सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं नाकावर मुखवटा बसवून सतत हलक्या दाबानें हवा सोडण्याची युक्ति प्रसिद्ध केली. शिडांत वारा भरला म्हणजे तें जसें पडत नाहीं, तशी या हवेनें गळ्याची वाट मिटत नाहीं. सीपॅप या नांवानें हें यंत्र आतां सर्वत्र मिळतें. त्यानें दिवसाची झोंप, थकवा व मनाची खिन्नता कमी होते याविषयीं वाद नाहीं. रक्तदाबहि थोडा उतरतो. हृदयविकार मात्र त्यानें टळतो काय, याविषयीं मतभेद आहे. स्पेनमधील झारागोझा येथें सुमारें दहा वर्षें पाहिलेल्या पुरुषांत यंत्र न वापरणाऱ्या तीव्र रोग्यांस हृदयाचे झटके अधिक आले व वापरणाऱ्यांस निरोग्यांइतकेच; पण आधींच हृदयविकार असलेल्या २७१७ लोकांवर केलेल्या व २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत असा फरक दिसला नाहीं. त्या लोकांनीं यंत्र रात्रीं सरासरी तीन-सवातीन तासच लाविलें होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. आम्हांस यावरून इतकेंच वाटतें कीं, हृदय बिघडण्याची वाट पाहात बसूं नये, आणि यंत्र घेतलें तर तें खुंटीला टांगून ठेवूं नये.

वजन उतरविणें हा उपाय फुकटचा, म्हणूनच अवघड. विस्कॉन्सिनच्याच संशोधनांत वजन शेंकडा दहानें घटलें तर खेपा सुमारें पाव हिश्शानें घटतात असें दिसलें. माडी असो कीं विलायती, रात्रीं घेतलेल्या मद्यानें गळ्याचे स्नायु अधिकच सैल पडतात, आणि झोंपेच्या गोळ्यांनींहि तेंच भय. ‘दोन घोट घेतले कीं छान झोंप लागते’ म्हणणारा आपल्याच गळ्यास फांस लावीत असतो. कुशीवर निजल्यानें पुष्कळांस बरें वाटतें. जयपूर येथें ३० रोग्यांवर केलेला एक छोटा प्रयोग २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सहा महिने आठवड्यांतून पांच दिवस शंख फुंकणाऱ्यांच्या खेपा कमी झाल्या. शंख आमच्या किनाऱ्यास नवा नाहीं, व फुंकण्यास हरकतहि नाहीं. मात्र एवढ्या लहान प्रयोगावर विसंबून तपासणी टाळूं नये. तपासणीस व यंत्रास पैसा लागतो, आणि मासेमारी करणाऱ्या घरास तो सहज परवडत नाहीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. त्यांत वीज! ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मुरूड-श्रीवर्धनाकडील गांवें कितीतरी दिवस अंधारांत होतीं. विजेवर श्वास अवलंबून असणाऱ्यानें जवळ बॅटरीची सोय ठेवावी.

विद्यार्थ्यांनीं मे महिन्याच्या सुटींत एक काम करावें. घरांत कोणी घोरत असेल तर रात्रीं अर्धा तास घड्याळ घेऊन दूर बसावें. श्वास किती वेळां थांबला, किती सेकंद थांबला, मागून गुदमरल्यासारखें झालें काय, हें वहींत लिहावें. घरीं मोबाईल असल्यास आवाज टिपून घ्यावा, पण तो मित्रांस ऐकविण्यासाठीं नव्हे. ती वही आईजवळ द्यावी. ‘बाबा, तुम्ही किती घोरतां!’ असें म्हटल्यास बाबा चिडतील. ‘बाबा, काल तुमचा श्वास पंचवीस सेकंद थांबला होता, मला भीति वाटली,’ असें सांगितल्यास ते बहुधा ऐकतील. आजोबा म्हणतील कीं त्यांचे वडील जन्मभर घोरले आणि नव्वद वर्षें जगले. त्यांच्याशीं वाद न घालतां वही तेवढी दाखवावी. डॉक्टरांकडे जातांना रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी, रात्रीं उठण्याची संख्या आणि ही वही बरोबर न्यावी. कोणा वडील माणसाची भूल देऊन शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांस घोरण्याची व श्वास अडकण्याची गोष्ट आधीं सांगावी, कारण भुलेच्या औषधांनीं हीच वाट अधिक मिटते. आणि पडवींत नेलेलें अंथरूण निदान पंधरा दिवसांपुरतें पुन्हां माजघरांत आणून घालावें.